केसपेपरवरचं वजन

मी अंगणवाडी सेविका आहे. बेंबळीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात एकवीस वर्षं झाली, दर महिन्याला मी लेकरांची वजनं करते. तान्ही झोळीच्या काट्यात, चालती-बोलती उभ्या काट्यावर. दंडाला पट्टी लावायची, उंची घ्यायची, मोबाइलमध्ये भरायचं. एखादं लेकरू महिन्यात अर्धा किलो उतरलं तर वरून फोन येतो. मुख्यसेविका गाडीवर येऊन दारात उभी राहते, आईला बोलावणं जातं आणि मला कारण विचारलं जातं. कारण सांगता आलं नाही तर नोटीस. ते बरोबरच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पुढचं सांगताना माझा आवाज चढला तर तो का चढला ते कळावं, म्हणून हे आधी सांगितलं.

माझे वडील वीज खात्यात लाइनमन होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. तीस वर्षं खांबावर चढले, एकदाही भाजले नाहीत, कारण नियमाचे पक्के. लाइन बंद केल्याचा कागद हातात आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. साहेब खालून कितीही ओरडू देत. रिटायर झाल्यावरही सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, कमरेला पट्टा. अंगानं धिप्पाड. जेवताना तीन भाकऱ्या आणि चौथीचा कोर.

दोन वर्षांपूर्वी त्यांना भाकरी गिळताना अडकू लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आधी दुधात कुस्करून खाऊ लागले, मग नुसता भात, मग भातही पातळ करून. धाकट्या भावाच्या बायकोला वाटलं, दात दुखत असतील. तपासण्या होईस्तोवर तीन महिने गेले. अन्ननलिकेत गाठ निघाली, कॅन्सरची. केमो आणि रेडिएशनचे शेक, दोन्ही सोबत द्यायचं ठरलं आणि आबांना भरती केलं. इस्पितळाचं नाव मी घेत नाही. आमच्याच भागातलं आहे, मोठं आहे, डॉक्टर शिकलेले आहेत. आणि मी जे बघितलं ते त्या एकाच ठिकाणचं असेल असं मला वाटत नाही.

भाऊ त्यांच्यापाशी राहिला. भरती केलं तेव्हा मी सोबत होते, पुढच्या रविवारी एकदा जाऊन आले. मग अंगणवाडीत पोषण महिना सुरू झाला. रांगोळ्या, फेऱ्या, पाककृतींचं प्रदर्शन. मी नाचणीचे लाडू, शेवग्याच्या पानांचे पराठे मांडून फोटो काढत होते आणि वर पाठवत होते. रोज संध्याकाळी भावाला फोन करायचे.

"कसे हायत आबा?"

"बरे हायत."

"जेवतेत का?"

"जेवतेत की थोडं थोडं."

हे मी ऐकून घेतलं. गावातल्या कुठल्याही आईनं मला "खातंय की थोडं थोडं" म्हटलं असतं तर मी तिच्या घरी जाऊन ताट बघितलं असतं. बापाच्या बाबतीत मी फोनवर समाधान मानलं. सगळ्यात आधी राग आला तो माझाच. तो अजूनही उतरलेला नाही.

त्या रविवारनंतर सतरा दिवसांनी गेले तर वॉर्डात मला आबा सापडेनात. दोन्ही बाजूंच्या खाटा बघत मी पार टोकापर्यंत गेले आणि परत फिरले. तेव्हा भावानं हाक मारली. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारा कुशीवर झोपला होता. मी त्याच्यावरून दोनदा नजर फिरवून पुढं गेले होते.

मी त्यांचा दंड हातात घेतला. माझा अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं. लेकरांच्या दंडाला हात लावायची मला एवढी सवय आहे की तो दंड मोजायला पट्टी लागली नाही. पायजम्याच्या नाडीवरून त्यांनी पट्टा बांधला होता आणि पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती. तीन.

"आज काय खाल्लं आबा?"

"आज उपाशी ऱ्हायाचंय. दुर्बीण घालून बघणार हायत."

"आणि काल?"

त्यांनी भावाकडं बघितलं. भाऊ म्हणाला, "कालबी दुर्बिणीसाठी उपाशीच ठिवलतं. दुपारी सांगितलं मशीन बंद हाय. परवाबी तसंच. नंबरच आला न्हाय."

"म्हणजे तीन दिवस?"

"दुपारनंतर खाऊ द्या म्हणतेत. पण तवर जेवणाची गाडी निघून जाती. आन् ह्यांना पोळी कुठं गिळतीया?"

खाटेखाली काल रात्रीचं स्टीलचं ताट होतं. दोन पोळ्या, वाटाण्याचा रस्सा, भात. थुंकीसुद्धा नीट गिळता येत नाही अशा माणसासमोर एरवी दिवसातून दोनदा हे ताट ठेवलं जात होतं. भाऊ त्यातलं थोडं खायचा, बाकीचं परत जायचं. परत गेलेलं ताट कुणी बघत नव्हतं. वॉर्डबॉय यायचा, उचलायचा, जायचा. उशाला एक छापील कागद होता. त्यावर लिहिलेलं : अंडी, पनीर, मोड आलेली कडधान्यं, ताजी फळं भरपूर खावीत. आबांनी तो नीट घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला होता. नियमाचा कागद ना.

मी सिस्टरांच्या टेबलाशी गेले. वजन विचारलं. त्यांनी केसपेपर उघडून बोट ठेवलं. चौसष्ट किलो. मी पानं उलटली. भरतीच्या दिवशी चौसष्ट. आठ दिवसांनी चौसष्ट. काल चौसष्ट.

"हे कधी घेतलंय?"

"भरतीच्या वेळी घेतात ताई."

"मग रोज कसं लिहिलंय?"

"रकाना असतो. रिकामा ठेवला तर आम्हाला बोलतात."

मी काट्याबद्दल विचारलं. काटा खाली बाह्यरुग्ण विभागात होता. ज्याला उठून खाली जाता येतं त्याचं वजन होत होतं. ज्याला उठता येत नाही, त्याचं वजन कागदावर जागच्या जागी थांबलं होतं.

मी परत आले तेव्हा माझा चेहरा बघून आबा समजले. म्हणाले, "भांडू नगस बाई. आपल्याला ह्यांच्याच हाताखाली ऱ्हायाचंय. सुई टोचणारा हात हाय त्यो."

वॉर्डातला प्रत्येक माणूस हाच हिशेब करून गप्प होता. शेजारच्या खाटेवर उमरग्याचे एक शिंपीचाचा होते. जबड्याचा कॅन्सर. तोंड एका बाजूनं उघडेचना. त्यांची बायको, सगळे तिला खाला म्हणायचे, चमच्यानं चहा त्यांच्या गालात सोडायची आणि अर्धा चहा हनुवटीवरून गळून टॉवेलात जायचा. तिनं मला हळूच सांगितलं, "तीन हफ्ते झाले बेटी, ह्यांच्या पोटात फक्त चहा हाय आन् बिस्किटाचं पानी. मी बोलले डॉक्टरला. म्हणले, कोशिश करो. कोशिशच करून ऱ्हायले की मी."

मी गावी गेले. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतला मोठ्या माणसांचा काटा, गरोदर बायांचं वजन करतो तो, पिशवीत घालून एसटीनं परत आले. सरकारी वस्तू परवानगीशिवाय बाहेर काढली. तीही नोटिशीचीच गोष्ट. खुशाल द्या म्हटलं.

आबांना भावानं आणि मी दोन्ही बाजूंनी धरून काट्यावर उभं केलं आणि क्षणभर हात सोडले. एक्कावन्न किलो दोनशे ग्रॅम. भाऊ काट्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, काटा बिघडला असंल." मी स्वतः उभी राहिले. काटा बरोबर होता. रोज उशाशी बसलेल्या माणसाला तेरा किलो जाताना दिसले नव्हते. मी त्याला काही बोलले नाही. तो इंजेक्शनं आणायला धावत होता, रक्ताच्या बाटलीसाठी रांगेत होता. वजन बघणं त्याचं काम नव्हतंच.

खाला म्हणाली, "ह्यांना पण तोल की जरा." चाचांना उभं राहवेना. भावानं त्यांना उचलून घेतलं आणि काट्यावर उभा राहिला, मग मी त्याचं एकट्याचं वजन वजा केलं. तान्ह्या लेकराचं आईसकट करतो तसं. अडतीस किलो. चांगला उंच माणूस. त्यांच्या केसपेपरवर वजनाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती.

मग पलीकडचे म्हणाले आमचंही करा. मी एका कागदाच्या पाठीमागं खाटांचे नंबर घातले, पुढं भरतीचं वजन आणि आजचं वजन. अकरा जणांचं केलं. नऊ जण उतरले होते. सिस्टर येऊन म्हणाल्या, "ताई, हे इथं चालणार नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही करा, मी कागद धरते." त्या परत गेल्या. बिचाऱ्या वाईट नव्हत्या. पण त्या घटकेला मला कुणाचीच दया येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंड आला. मोठे डॉक्टर, मागं चार-पाच शिकाऊ. आबांच्या खाटेशी थांबले, फाइल बघितली, म्हणाले, "उद्या तिसरी केमो."

मी म्हटलं, "साहेब, ह्यांचं वजन तेरा किलो उतरलंय."

"या आजारात उतरतं."

"आजारानं उतरलं का उपासानं, ते कुणी बघितलं?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुम्ही काय करता?"

"अंगणवाडी सेविका आहे."

शिकाऊ डॉक्टरांपैकी एक जण खाली बघून हसला. मोठे डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा बाई, लहान मुलांचं वेगळं असतं."

रात्रभर मी जे डोक्यात धरलं होतं ते विचारलं. "केमोचा डोस कशावर ठरतो साहेब?"

"उंची आणि वजनावर."

"मग उद्याचा डोस चौसष्ट किलोच्या माणसाचा देणार का एक्कावन्न किलोच्या?"

त्यांनी फाइल परत घेतली, पानं उलटली. तीच पानं, जी मी उलटली होती. मग शिकाऊंकडं वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं. हसलेला पोरगा आता हसत नव्हता.

"फार फरक पडत नाही," डॉक्टर म्हणाले.

"फार नाही म्हणजे किती?"

दुसऱ्या केमोनंतर आबांचं तोंड आतून सोलून निघालं होतं आणि रक्तातल्या पेशी इतक्या खाली गेल्या होत्या की चार दिवस ताप होता. तो डोस कुठल्या वजनावर दिला होता, ते मी विचारलं नाही. फाइलीत लिहिलेलंच होतं. मी खाटांचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. पूर्ण वाचला, हे मी सांगितलं पाहिजे. मग म्हणाले, "आहारतज्ज्ञांना बोलवा. उद्याची केमो थांबवा."

आहारतज्ज्ञ होती. एवढ्या मोठ्या इस्पितळाला एकच. स्वयंपाकघराला लागून तिची खोली. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, ती जवळजवळ पळतच वॉर्डात आली. आबांच्या हाताची पकड बघितली, गुडघ्यावरचं मांस चाचपलं, गेल्या महिन्याभराचं खाणं विचारून लिहून घेतलं. कुणीतरी माझ्या बापाला सगळं नीट विचारतंय, हे मी पहिल्यांदा बघत होते.

मी तिला विचारलं, "तुम्ही आधी का आला नाहीत?"

ती चिडली नाही. "मला बोलावलं तरच मी येऊ शकते. भरतीच्या वेळी चार प्रश्न विचारा, वजन घ्या, दर आठवड्याला परत घ्या, ज्याचं उतरलंय त्याची चिठ्ठी मला पाठवा. एवढंच म्हणते मी. दोनदा लेखी दिलंय."

"मग?"

"पोच मिळाली."

तिनं सांगितलं, नाकातून नळी घालावी लागेल. आबांनी मान वळवली. त्यांना सगळं चालत होतं, सुया, शेक, उलट्या. नाकात नळी घालून पडायचं त्यांना चालत नव्हतं. म्हणाले, "मरणाऱ्याला घालतेत ती."

ती मुलगी त्यांच्या खाटेच्या कडेवर बसली. "आजोबा, तुमचा मेन रस्ता बंद आहे. तो दुरुस्त होईस्तोवर दुसरीकडून लाइन ओढायची. नंतर काढून टाकायची."

आबांनी चष्म्याची डबी हातात घेतली. मग म्हणाले, "काढायचा कागद मिळंल का?" तिनं तिथंच वहीचं पान फाडून लिहून दिलं : गिळता येऊ लागल्यावर नळी काढण्यात येईल. खाली सही केली. आबांनी ते पान चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि नळी घालून घेतली.

पहिल्या दिवशी तिनं अगदी थोडं दिलं. भाऊ म्हणाला, एवढ्यानं काय होणार? तिच्याआधी मीच त्याला सांगितलं, इतके दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरलं तर तेच जिवावर बेततं. रक्त तपासत, क्षार बघत, हळूहळू वाढवायचं असतं. अतिकुपोषित लेकरांच्या बाबतीत आम्हाला शिकवलंय ते. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला माहितीये." मला माहीत होतं. म्हणून तर जळत होतं.

तिनं मला दूध, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, अंड्याचा पांढरा भाग, तेल, साखर यांचं माप लिहून दिलं. उकळायचं किती, गाळायचं कशातून, नळी आधी आणि नंतर पाण्यानं कशी धुवायची, डोकं उंच करून किती वेळ बसवायचं. नवव्या दिवशी आबा स्वतःहून उठून खिडकीपाशी उभे राहिले. बाहेरच्या खांबाकडं बघून म्हणाले, "तार सैल सोडलीया. वाऱ्यानं घासंल." मी भिंतीकडं तोंड करून रडले.

आबांना घातली त्याच दिवशी चाचांनाही नळी घातली होती. त्यांना उशीर झाला होता. अंगात काही उरलं नव्हतं, छातीत कफ साठला, खोकून काढायची ताकद नव्हती. बाराव्या दिवशी दुपारी गेले. मृत्यूच्या कागदावर जबड्याचा कॅन्सर लिहिलं. खाला तो कागद घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "बेटी, वाच की, काय लिवलंय." मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भुकेचं काय लिवलंय का?"

मी नाही म्हटलं.

तिनं चमचा, टॉवेल, थर्मास पिशवीत भरला. जाताना आबांच्या पायांना हात लावून गेली.

आबांचे शेक पूर्ण झाले. उरलेल्या केमो नव्या वजनावर दिल्या. दोन महिन्यांनी पातळ भात गिळता यायला लागला तेव्हा आबांनी डबीतलं पान काढून डॉक्टरांपुढं धरलं आणि नळी काढून घेतली. आज ते अठ्ठावन्न किलोवर आहेत. भाकरी जात नाही, पण भाकरीचा काला जातो. गाठ सध्या नाही म्हणतात. पुढचं कुणाला माहीत.

तपासणीला दर तीन महिन्यांनी मी सोबत जाते. गेल्या खेपेला बघितलं तर भरतीच्या टेबलावर नवा छापील फॉर्म आला होता. गेल्या तीन महिन्यांत वजन कमी झालं का? खाणं कमी झालं का? असे चार प्रश्न, आहारतज्ज्ञ पोरगी म्हणायची तेच. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. समोर सोनारीकडची एक बाई भरती होत होती, सोबत तिची सून. सिस्टरनं नाव विचारलं, वय विचारलं, आणि मान वर न करता चारही प्रश्नांपुढं 'नाही' लिहिलं. पुढचे दहा-बारा फॉर्मही गठ्ठ्यात तसेच आधीच भरून ठेवलेले दिसले. फक्त नाव रिकामं.

मी टेबलापाशी गेले. "सिस्टर, त्यांना विचारा की."

त्यांनी वर बघितलं. डोळ्यांखाली काळं झालेलं. "ताई, एकोणतीस पेशंट आहेत आणि मी एकटी आहे. फॉर्म पूर्ण नसला तर फाइल परत येते."

ते खरं असणार. मला ते पटलंही. पण पटलं म्हणून राग कमी होतो असं नाही. तो कुणावर काढायचा तेवढं कळेनासं होतं. या सिस्टरवर काढावा तर ती एकटी. डॉक्टरवर काढावा तर तो म्हणणार, फॉर्म आहे ना. फॉर्म पाठवणाऱ्यावर काढावा तर तो कुठं बसतो तेच मला माहीत नाही. माझ्या एका लेकराचे पाचशे ग्रॅम गेले तर माझ्या दारात गाडी येते. इथं माणसाचे तेरा किलो गेले, अन् दारात कुणी आलं नाही.

मी भरती होणाऱ्या त्या बाईलाच विचारलं, "मावशी, वजन उतरलंय का तुमचं?"

सून म्हणाली, "झंपर बघा की. सहा महिन्याखाली अंगाला घट्ट व्हता." तिनं सासूच्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. झंपराच्या दोन्ही बाजूंना आत चार-चार बोटं दुमडून हातानं टाके घातले होते.

सिस्टरनं पेन उचललं. 'नाही' खोडलं आणि 'होय' लिहिलं. मग दुसरं खोडलं.

"आता पुढं काय?" मी विचारलं.

"पुढं साहेब बघतील."

"कधी?"

आबा मागून म्हणाले, "चल की आता, एसटी चुकंल."

"चुकू द्या," मी म्हटलं, आणि त्या बाईच्या शेजारी बाकावर बसले. आहारतज्ज्ञाच्या खोलीचा रस्ता मला माहीत होता. साहेब येईपर्यंत मी वाट बघणार होते, आणि ते आलेच नाहीत तर त्या पोरीला मी स्वतः बोलावून आणणार होते.